मोगऱ्याची छाटणी, ताण आणि बहर

मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटव्याच्या शेंड्यावर. जुन्या, तपकिरी, काष्ठ झालेल्या फांदीवर ती थेट लागत नाही. म्हणून वर्षानुवर्षं हिरवागार उभा असलेला आणि हंगामात चार-दोन फुलं देणारा मोगरा बहुतेक वेळा आजारी नसतो; त्याला नवे फुटवे काढायची वेळच आलेली नसते. ऊन, माती, पाणी, खत आणि छाटणी या सगळ्यांकडे या एका दृष्टीने बघितलं, की कुठलं काम कधी करायचं आणि का, हे फारसं पाठ करावं लागत नाही. जितके कोवळे आणि उन्हात पोसलेले फुटवे, तितक्या कळ्या.

झाड नीट ओळखून घ्या

मोगरा म्हणजे जॅस्मिनम सॅम्बॅक. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली त्याला पारिजातकाच्या वंशात घातलं होतं, तिथून १७८९ मध्ये विल्यम एटनने त्याला जॅस्मिनममध्ये आणलं. दोन्ही झाडं एकाच कुळातली असली तरी लागवडीत त्यांचा काही संबंध नाही. मोगऱ्याची पानं साधी, समोरासमोर येणारी, लहान देठाची आणि ठळक शिरांची असतात. पान तोडल्यावर पांढरा चीक निघाला तर तो मोगरा नाही, तगर आहे. पानं मोठी, हृदयाच्या आकाराची असून चुरगाळल्यावर उग्र वास येत असेल, तर मोगऱ्याच्या नावाखाली विकलं जाणारं क्लेरोडेंड्रम तुमच्या हातात आहे. त्याच्या फुलांचे गुच्छ दिसायला मोगऱ्यासारखे असतात आणि सुगंधही येतो, पण ते जमिनीखालून धुमारे सोडत पसरतं आणि त्याची निगा वेगळी.

मोगऱ्यातही प्रकार आहेत आणि प्रकारानुसार छाटणी बदलते. एकेरी पाकळ्यांचा वेलमोगरा लांब फांद्या सोडतो, सर्वांत जोमाने वाढतो आणि सर्वांत सढळ फुलतो. पहिल्यांदाच मोगरा लावणाऱ्याने हाच घ्यावा. गोल, टपोऱ्या कळीचा, दोन-तीन थरांच्या पाकळ्यांचा तो बटमोगरा किंवा मोतिया. झुडूप आटोपशीर राहतं आणि कुंडीत चांगलं चालतं. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार, पाकळ्याही अरुंद. 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' हा प्रकार गच्च पाकळ्यांच्या छोट्या गुलाबासारखा दिसतो. त्याची पानं जाड, गडद आणि पुष्कळदा तीन-तीनच्या फेरात येतात. तो फार संथ वाढतो. त्याची छाटणी वेलमोगऱ्यासारखी केली तर सावरायला त्याला पूर्ण हंगाम लागतो, त्यामुळे खालची मापं त्याला जशीच्या तशी लावू नयेत.

रोप घेताना शक्यतो कळी किंवा फूल असलेलंच घ्या, म्हणजे प्रकाराची खात्री होते. एक उंच दांडी असलेल्या रोपापेक्षा बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं ठेंगणं रोप चांगलं. पानं उलटून बघा. मागे जाळं, पांढरी लव किंवा चिकटपणा दिसला तर ते रोप घेऊ नका.

ऊन, आणि उष्णता

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. चार तासांत झाड जगतं, पानं छान काळीशार दिसतात, पण पेरांमधलं (फांदीवर पानं फुटतात त्या गाठींमधलं) अंतर वाढतं, फांद्या लांबोड्या होतात आणि कळ्या तुरळक येतात. सावलीतल्या झाडाला कितीही खत घातलं तरी त्याचं रूपांतर पानांतच होतं. न फुलणाऱ्या मोगऱ्याबद्दल पहिला प्रश्न नेहमी उन्हाचा असावा, खताचा नंतर.

दिवसा २५ ते ३५ अंश सेल्सिअस आणि रात्री १८ अंशांच्या वर तापमान असलं की फुटवे जोर धरतात. रात्री १० अंशांच्या खाली जाऊ लागल्या की वाढ थांबते, पानं पिवळट किंवा जांभळट होतात. गोठवणाऱ्या थंडीत कोवळा भाग काळा पडून मरतो. थंड प्रदेशात कुंडी त्याआधी घरात, सर्वांत उजेडाच्या खिडकीपाशी आणावी आणि तिथे पाणी निम्म्यावर आणावं. दुसऱ्या टोकाला, ४० अंशांच्या पुढे जमिनीतल्या झाडाला विशेष काही होत नाही, पण कुंडीतल्या झाडाची मुळं कुंडीच्या तापलेल्या भिंतीला भाजतात. पाणी भरपूर असूनही दुपारी पानं लुळी पडतात ती यामुळे. अशा वेळी झाड सावलीत नेण्यापेक्षा कुंडीला सावली द्या: ती थोड्या मोठ्या रिकाम्या कुंडीत ठेवा किंवा पुढे दुसऱ्या कुंड्यांची रांग लावा. पानांना ऊन हवंच आहे.

माती आणि कुंडी

मोगऱ्याला ओल आवडते, साचलेलं पाणी सोसत नाही. कुंडीसाठी चार भाग बागेची पोयट्याची माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाड वाळू आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण बहुतेक ठिकाणी चालतं. माती काळी, चिकट असेल तर तिचं प्रमाण दोन भागांवर आणा आणि वाळू चार भाग करा. वाळू जाडच हवी. बारीक, पिठासारखी वाळू मातीत मिसळली की निचरा सुधारण्याऐवजी आणखी बिघडतो. बारा इंची कुंडीच्या मिश्रणात ५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २५ ग्रॅम हाडांचा चुरा मिसळा.

मिश्रण बरोबर जमलं का, हे तपासायला कुंडी भरून वरून पाणी ओता. अर्ध्या मिनिटात पाणी खाली उतरून भोकांतून वाहू लागलं पाहिजे. दोन-तीन मिनिटं पाणी वर तरंगत राहिलं तर रोप लावण्याआधीच मिश्रण बदला, नंतर ते काम मुळांना इजा करून करावं लागतं.

मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असावा. चुनखडीच्या जमिनीत आणि क्षारयुक्त पाण्यावर मोगरा हमखास पिवळा पडतो. त्याचं कारण आणि उपाय पुढे येतील.

रोपाच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन इंच मोठी एवढीच कुंडी घ्या. लहान रोप थेट अठरा इंची कुंडीत लावलं तर मुळं न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते, आंबते, आणि झाड दीर्घकाळ मुळंच वाढवत बसतं. आठ इंचांवरून दहा, दहावरून बारा अशी चढण ठेवावी. बारा ते चौदा इंची कुंडीत पूर्ण वाढलेला बटमोगरा वर्षानुवर्षं उत्तम फुलतो.

जमिनीत लावायचं असेल तर ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पंधरा दिवस उन्हात तापू द्या, मग निघालेल्या मातीत दहा किलो कुजलेलं शेणखत मिसळून भरा. दोन झाडांत सव्वा मीटर अंतर ठेवा. याहून जवळ लावली तर दोन वर्षांत आतल्या फांद्यांना ऊन मिळेनासं होतं आणि फुलं फक्त माथ्यावर राहतात.

नवीन रोप लावताना

आणलेलं रोप त्याच दिवशी कुंडीत हलवू नका. आठ-दहा दिवस विरळ सावलीत, आहे त्या पिशवीत ठेवा. पुष्कळ रोपवाटिकांतली रोपं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात. हा गोळा तसाच लावला, तर वाळल्यावर त्याची वीट होते: बाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा. रोप सहा महिने जिथल्या तिथे थांबतं ते यामुळेच. लावण्याआधी गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि बोटांनी बाहेरची साधारण एक तृतीयांश चिकणमाती हलकेच सोडवा. सगळी माती धुऊन मुळं उघडी करण्याचा मोह टाळा, बारीक मुळं तुटली की पानं लगेच माना टाकतात.

खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच ठेवा. खोल गाडलं तर बुंधा सडतो. कुंडीच्या काठापासून दीड-दोन इंच जागा पाण्यासाठी मोकळी सोडा. लावताना असलेल्या कळ्या खुडून टाका आणि शेंडे दोन पेरं कापा. जिवावर येतं, पण त्या कळ्यांवर खर्च होणारी ताकद मुळांना मिळते. पहिले पाच-सहा दिवस सावली, मग सकाळचं ऊन, दोन आठवड्यांनी पूर्ण ऊन. महिनाभर खत नाही.

पाणी वाफसा (मातीतली ओल) बघून

ठरावीक दिवसांचं वेळापत्रक मोगऱ्याला लागू पडत नाही. बोट दीड इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर भोकांतून पाणी वाहीपर्यंत द्या, ओलं लागलं तर थांबा. कडक उन्हाळ्यात लहान कुंडीला दिवसातून दोनदा, थंडीत चार दिवसांतून एकदा असंही होऊ शकतं. थोडं थोडं, वरवरचं पाणी सगळ्यात वाईट. त्याने वरची दोन इंच माती भिजते, खालची मुळं सुकतात आणि क्षार मातीतच साचतात. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

कळ्या धरल्यानंतर मात्र पाण्याचा खंड पडू देऊ नका. ज्वारीच्या दाण्याएवढी कळी झालेली असताना एक दिवस जरी झाड पूर्ण कोमेजलं, तरी त्यातल्या बऱ्याच कळ्या पुढच्या दोन-तीन दिवसांत पिवळ्या होऊन गळतात. संततधार पावसात उलट अडचण असते: उमललेली फुलं आणि मोठ्या कळ्या भिजून तपकिरी होतात. कुंडी आडोशाला घेता आली तर घ्या, निदान ती विटांवर उचलून ठेवा म्हणजे भोकं मोकळी राहतील.

ताण आणि मोठी छाटणी

वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं काम हे. वेळ थंडी ओसरण्याच्या सुमाराची, म्हणजे वाढ मंदावलेली असते पण पुढे ऊब वाढत जाणार असते तेव्हाची. फार लवकर छाटलं आणि पुन्हा कडाक्याची थंडी आली तर कोवळे फुटवे जळतात. उशीर केला तर पहिला बहर हातचा जातो.

छाटणीआधी ताण द्या. कुंडीतल्या झाडाचं पाणी आठ ते बारा दिवस, जमिनीतल्या झाडाचं दोन-तीन आठवडे तोडा. पानांची चमक गेली, ती जरा वळू लागली आणि काही पिवळी होऊन गळू लागली की ताण पुरेसा झाला. कोवळे शेंडे वाळून काळे पडेपर्यंत थांबायचं नाही. ताणाने वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि ताण तोडल्यावर सगळे डोळे, म्हणजे पेरांवरचे कोंब, एकदम फुटतात. एकसारखा, भरगच्च बहर हवा असेल तर हे करावंच. एक वर्षाच्या आतल्या रोपाला, नुकत्याच कुंडी बदललेल्या किंवा रोगट झाडाला मात्र ताण देऊ नका, त्याच्याजवळ साठाच नसतो.

मग छाटणी. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवी आणि पाती स्पिरिटने पुसलेली. सुरुवात वाळक्या फांद्यांपासून करा, मग आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या, मग बुडाशी आलेल्या काडीसारख्या बारीक फांद्या मुळातून काढा. उरलेल्यांतल्या चार ते सहा दणकट फांद्या ठेवा. बारा इंची कुंडीत त्यांची उंची मातीपासून २० ते ३० सेंटिमीटर, जमिनीतल्या झाडाची ४५ ते ५० सेंटिमीटर. काप पेराच्या अर्धा सेंटिमीटर वर, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्यावर घ्या. जास्त लांब टोक सोडलं तर ते वाळत खाली येतं आणि डोळाही घेऊन जातं. शेवटी उरलेली पानं हाताने काढून टाका. जुनी पानं राहिली तर फुटवे मागेपुढे निघतात, शिवाय त्यांच्या मागे लपलेले कोळी आणि पांढऱ्या माशीची पिल्लं नव्या पालवीवर चढतात.

ग्रँड ड्यूकची फक्त एक तृतीयांश उंची कमी करा, पानं काढू नका. अनेक वर्षं न छाटलेलं जुनं, खालून बोडकं झालेलं झाड एकाच वेळी खाली आणणंही धोक्याचं आहे. त्याच्या निम्म्या फांद्या यंदा कापा, त्यांना पालवी आली की पुढच्या हंगामात उरलेल्या.

छाटणीनंतर दोन दिवसांनी ताण तोडा: मातीचा वरचा दोन इंच थर खुरप्याने मोकळा करा, पुढे 'खत' या भागात दिलेला हप्ता द्या आणि भरपूर पाणी सोडा. उबदार हवेत दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात आणि साधारण दीड ते दोन महिन्यांत पहिल्या कळ्या दिसतात.

कुंडी बदलायचीही हीच वेळ. दर दोन वर्षांनी झाड बाहेर काढा, कुंडीच्या आकारात गोल फिरलेली बाहेरची पाव भाग मुळं कापा आणि ताज्या मिश्रणात परत लावा. भोकांतून मुळं बाहेर येणं, पाणी ओतल्याबरोबर कडेने वाहून जाणं आणि झाड सकाळीच कोमेजलेलं दिसणं या तिन्ही मुळांनी कुंडी भरल्याच्या खुणा आहेत.

हंगामातली छोटी छाटणी

मोठी छाटणी बरेच जण करतात. सतत फुलणाऱ्या आणि एकदाच फुलणाऱ्या मोगऱ्यात फरक पडतो तो या छोट्या कामाने. शेंड्यावर साधारणपणे तीन कळ्यांचा झुबका येतो, मधली आधी उमलते, मग बाजूच्या दोन. तिन्ही फुलं होऊन गेली की त्या फांदीचं काम संपतं. तिथे नुसता वाळका देठ खुडू नका, त्याखालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट शेंडा कापा. खालच्या पेरातून दोन नवे फुटवे निघतात आणि दोघांच्या टोकाला पुन्हा कळ्या. ऊब असेल तर महिना-सव्वा महिन्यात पुढचा बहर लागतो.

ग्रँड ड्यूकची फुलं आपोआप झडत नाहीत, झाडावरच तपकिरी होऊन बसतात, ती तर काढायलाच हवीत. मधूनच एखादी फांदी इतरांना मागे टाकून लांबच लांब, विरळ पानांची सुटते. तिला वेळीच पाचव्या-सहाव्या पेरावर खुडा, नाहीतर सगळा रस तीच ओढते. वेलमोगऱ्याची अशी फांदी कापायची नसेल तर ती आडवी बांधा. उभ्या फांदीचा फक्त शेंडा फुटतो, आडव्या बांधलेल्या फांदीच्या जवळजवळ प्रत्येक पेरातून फुटवा निघतो.

खत

मोठ्या छाटणीनंतर बारा इंची कुंडीला ३०० ग्रॅम गांडूळखत, ५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २५ ग्रॅम हाडांचा चुरा, बुंध्यापासून तीन बोटं दूर, मातीत मिसळून. जमिनीतल्या मोठ्या झाडाला दहा किलो शेणखत. रासायनिक खत वापरायचं तर वर्षाला ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश, निम्मं छाटणीनंतर आणि निम्मं पावसाच्या सुरुवातीला. ही मापं अन्नद्रव्यांची आहेत, खताच्या वजनाची नाहीत. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणजे ६० ग्रॅम नत्रासाठी युरिया १३० ग्रॅम लागतो.

कुंडीला पालवी फुटल्यापासून दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, ओल्या मातीत. फुटवे चार-पाच पेरांचे झाले की नत्र आवरा आणि ०:५२:३४ लिटरला दोन ग्रॅम द्या. कळ्या दिसल्यावर १३:०:४५ एक-दोनदा पुरे. रासायनिक खत नको असेल तर १०० ग्रॅम मोहरीची पेंड एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, गाळून, दहापट पाणी घालून महिन्यातून दोनदा देता येते. ही पेंड नत्राने भरलेली असते, म्हणून पालवीच्या काळात ती चांगली. कळ्यांच्या तोंडावर दिली तर झाड पुन्हा पानांकडे वळतं. स्वयंपाकघरातला कचरा कच्चा कुंडीत घालू नये. तो कुजताना चिलटं आणतो आणि बुंध्याशी बुरशी धरतो. कंपोस्ट करून मगच घाला.

कोरड्या मातीत कोणतंही खत देऊ नका. मुळं भाजतात आणि पानांच्या कडा करपतात.

पिवळी पानं: आधी कुठली, ते बघा

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. मातीत लोह नसतं असं नाही. सामू वाढला की ते मुळांना उचलता येत नाही. तात्पुरता उपाय म्हणून फेरस सल्फेट पाच ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून, संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. द्रावण ताजंच वापरा, ठेवलं की ते तांबडं होऊन निकामी होतं. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं) लोह मातीतून दिलेलं अधिक टिकतं. स्वस्त ईडीटीए चिलेट सामू ७ च्या पुढे फारसं काम करत नाही. पाणी जड असेल तर शक्य तितकं पावसाचं पाणी वापरा.

खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम हवं: मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम फवारा. खालची पानं सरसकट फिकट होऊन गळत असतील तर नत्र कमी. वरची-खालची सगळीच पानं एकदम पिवळी, माती ओली आणि झाड तरीही लुळं, असं असेल तर खत देऊ नका. मुळं सडत आहेत. झाड उपसा, तपकिरी, मऊ मुळं कापा, फांद्या निम्म्या करा आणि कोरडसर, वाळू जास्त असलेल्या मिश्रणात लावून सावलीत ठेवा. बुंध्याशी पांढरं कापसासारखं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी असते. ती माती पुन्हा कशालाही वापरू नका. पुढे असं होऊ नये म्हणून एक किलो गांडूळखतात दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून मातीत घालत जा, फक्त त्याच आठवड्यात बुरशीनाशक ओतू नका.

थंडीच्या सुरुवातीला काही पानं गळणं हे मात्र नेहमीचं आहे.

कळ्यांचे शत्रू

कळीला बारीक भोक, आत हिरवट अळी, शेजारच्या दोन-तीन कळ्या धाग्याने जोडलेल्या: ही कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या रोज खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, कुंडीतच टाकू नका. मग बॅसिलस थुरिंजिएन्सिस लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. ऊन या जिवाणूला मारतं, म्हणून सकाळची फवारणी वाया जाते.

कळी देठापाशी फुगून जांभळट होते, वाढत नाही आणि न उमलता गळते, तेव्हा आत कळीमाशीच्या सूक्ष्म अळ्या असतात. एक कळी चिरून भिंगाने बघितली की खात्री होते. या अळ्या कळीतून बाहेर पडून मातीत कोष करतात, त्यामुळे नुसत्या फवारणीने ही माशी आटोक्यात येत नाही. गळलेल्या कळ्या रोज वेचा, मातीचा वरचा थर दर आठवड्याला हलवा आणि त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळा. साधी गुलाबी छटा आलेली कळी मात्र रोगट नसते. थंडीत किंवा जुनी झाल्यावर बाहेरची पाकळी गुलाबी होते.

पानांवर बारीक पांढुरके ठिपके, मागे जाळी आणि धूळ असेल तर लाल कोळी. कोरड्या, गरम हवेत तो झपाट्याने वाढतो. आधी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, सलग तीन दिवस. पानांवर, देठांवर आणि कळ्यांवर पांढरी मखमलीसारखी लव वाढली तर तो वेगळा, डोळ्यांना न दिसणारा कोळी आहे. तो भाग कापून जाळा आणि पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा. ३२ अंशांपेक्षा जास्त गरमीत गंधक वापरू नका आणि कडुनिंब तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्या, दोन्ही एकत्र आली की पानं करपतात.

पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, मावा यांना कडुनिंब तेल पाच मिलिलिटर आणि पातळ साबण एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात. तेल आधी साबणात घोळवून मग पाणी घाला, नाहीतर ते वर तरंगतं. उमललेल्या फुलांवर फवारू नका. ज्या फुलाला आपण नाक लावणार, त्यावर आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक वापरूच नये.

नवी रोपं

दुहेरी मोगऱ्याला बी धरत नाही आणि एकेरीलाही क्वचितच, त्यामुळे फांदी हाच मार्ग. ऊब आणि हवेत ओल असताना करा. चालू हंगामातली, हिरवी पण वाकवल्यावर पटकन मोडणारी, पेन्सिलीपेक्षा किंचित बारीक फांदी निवडा. १२ ते १५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, त्यावर तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरपा. खालची पानं काढा, वरची एक जोडी ठेवून तीही निम्मी कापा. खालचं टोक मुळं फुटायला मदत करणाऱ्या १००० पीपीएमच्या आयबीए पावडरीत बुडवा, झटका, आणि अर्धी वाळू अर्धं कोकोपीट अशा मिश्रणात दोन पेरं गाडा. वरून पारदर्शक पिशवी घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. पालवी दिसली म्हणून उपटून बघू नका. पालवी साठ्यावर आधी येते, मुळं मागून. हलकं ओढल्यावर फांदीने धरून ठेवलं की मगच पिशवी थोडी थोडी उघडायला लागा.

एकच रोप हवं असेल तर दाब कलम सर्वांत खात्रीचं. खालची लवचीक फांदी वाकवून, पेराखाली साल दोन सेंटिमीटर खरवडून तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबा, वर दगड ठेवा, ओल टिकवा. दोन महिन्यांनी आईपासून कापा. ग्रँड ड्यूकसाठी तर हीच पद्धत वापरावी, त्याच्या काड्यांना मुळं फार कमी वेळा धरतात.

फुलं काढताना

कळी संध्याकाळनंतर उमलते आणि सुगंध सर्वांत जास्त त्या रात्री असतो; दुसऱ्या दिवशी उन्हात तो उतरतो. पूर्ण वाढलेली, पांढरीशुभ्र, टणक पण टोक अजून मिटलेली कळी त्याच रात्री उमलणार असते. ती सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर खुडा. हिरवट, लहान कळी खुडली तर ती उमलत नाही. ओल्या कापडात सैल गुंडाळून थंड जागी ठेवलेल्या कळ्या संध्याकाळपर्यंत ताज्या राहतात. कळी देठासकट, नखाने हलकेच तोडा. ओढून काढली तर झुबक्यातल्या बाजूच्या दोन कोवळ्या कळ्याही हातात येतात.